सुरांना लावलेली कुलपे

ग्वाल्हेरच्या शिंदे दरबारातली एक गोष्ट जुने गवई मोठ्या चवीने सांगत असत. बडे महंमद खाँ नावाचे एक मातबर ख्यालिये दरबारी होते. त्यांची तान अशी, की ऐकणाऱ्याने तोंडात बोट घालावे. पण ती तान शिकायला म्हणून कोणी आला, तर त्याला ते दारातही उभे करीत नसत. त्याच दरबारात हद्दू आणि हस्सू नावाचे दोन तरुण भाऊ होते. गळा तयार, बुद्धी तल्लख. महाराजांनी युक्ती केली. खाँसाहेब गायला बसले, की या दोघांना पडद्याआड बसवायचे. असे काही महिने गेले आणि एके दिवशी भर दरबारात त्या भावांना गायला सांगण्यात आले. आपलीच तान दुसऱ्याच्या गळ्यातून उतरलेली ऐकून खाँसाहेबांचा संताप झाला, आणि ते ग्वाल्हेर सोडून गेले, असे सांगतात.

या गोष्टीत इतिहास किती आणि पदरचे मीठमसाला किती, ते सांगणे कठीण. पण जी ग्वाल्हेरची गायकी पुढे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात आणली, जिच्यावर विष्णु दिगंबर पलुसकरांसारखे शिष्य तयार झाले, तिच्या मुळाशी अशी एक चोरी सांगितली जाते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आपण आज ज्याला वारसा म्हणतो, त्याला त्या काळी कोणीतरी चोरी म्हटले होते. पुढे तबकडी आली, कॅसेट आली, चकचकीत सीडी आली, आणि प्रत्येक वेळी हाच तंटा नव्याने उभा राहिला. प्रत्येक वेळी कोणी ना कोणी सुरांना कुलूप लावले, आणि ऐकणाऱ्यांनी त्या कुलपाला आपापल्या परीने उत्तर दिले. त्या कुलपांचा आणि त्या उत्तरांचा हा थोडक्यात इतिहास.

पहिले कुलूप गळ्यालाच होते. घरंदाज गवई अस्सल चीज मुलाला किंवा जावयाला देई, बाहेरच्या शिष्याला तिचा अस्ताई अंतरा धड सांगत नसे. हे कुलूप उघडण्याचा ध्यास मुंबईच्या वाळकेश्वरात जन्मलेल्या एका वकिलाने घेतला. पंडित विष्णु नारायण भातखंडे देशभर हिंडले, उस्तादांची मनधरणी केली, आणि शेकडो बंदिशी गोळा केल्या. जयपूरच्या महंमद अली खाँ कोठीवाल यांच्या मुलांकडून त्यांनी पुष्कळ चिजा फोनोग्राफवर उतरवून घेतल्या. वडिलांना ते कळले तेव्हा त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण पंडितजींचा हेतू समजल्यावर ते निवळले, असे म्हणतात. पुढे या सगळ्या चिजा क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत छापून निघाल्या. घराण्याच्या तिजोरीतला ऐवज चार पैशांत ज्याला हवा त्याला मिळू लागला. त्याने घराणी बुडाली नाहीत. उलट, गाणे शिकणाऱ्यांची संख्या वाढली.

दुसरा अंक सुरू होतो तो १९०२ च्या नोव्हेंबरात. फ्रेड गैसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा माणूस यंत्रे घेऊन कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले. तबकडी कशी निघते, हे पेणच्या मूर्तिकाराला समजावून सांगावे लागणार नाही. मूळ मुद्रणावरून धातूचा उलटा साचा काढायचा, आणि त्या साच्याखाली लाखेचा गरम लगदा दाबून हव्या तितक्या तबकड्या काढायच्या. गणपतीचा साचा आणि गाण्याचा साचा, तत्त्व एकच. ज्याच्या हाती साचा, त्याच्या हाती धंदा. आणि ज्याला एका मूर्तीवरून दुसरा साचा उतरवता येतो, त्याच्यापासून धोका!

ते साचे त्या काळी जर्मनीत हानोव्हरला तयार होत. तिथल्या कामगारांना कोणती तबकडी कोणाची हे कळावे, म्हणून गाणारी शेवटी आपले नाव इंग्रजीत सांगे. आज जुन्या तबकड्यांच्या अखेरीस ऐकू येणारी ती ठसक्यातली नाममुद्रा ऐकून आपण हसतो. पण त्यामागे आपल्या मालावर आपले नाव असावे ही साधी गोष्ट आहे. पुढे तीच गोष्ट कशी विसरली गेली, याचे एक उदाहरण ठळक आहे. १९४९ मध्ये ‘महल’ चित्रपटाच्या तबकडीवर गायिका म्हणून छापले गेले ते पडद्यावरच्या ‘कामिनी’ या पात्राचे नाव. गाणारी कोण, अशी श्रोत्यांनी आकाशवाणीकडे विचारणा केली, तेव्हा लता मंगेशकर हे नाव लोकांपर्यंत पोचले. कंपनी विसरली, तरी ऐकणारा विसरला नाही!

काही थोर गवयांनी मात्र तबकडीपुढे गळा उघडलाच नाही. अल्लादिया खाँसाहेब १९४६ मध्ये निवर्तले. त्यांच्या गाण्याची एकही तबकडी आपल्याला उपलब्ध नाही. त्यांच्या शिष्या, गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर, ध्वनिमुद्रणाबद्दल कायम नाखूश. आपले गाणे कोणीही उचलावे, हे त्यांना मानवत नसे. शिष्याही त्यांनी घडवली ती एकच, धोंडूताई कुलकर्णी. आणि दैवाचा खेळ असा, की त्याच केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये अमेरिकेच्या ‘व्हॉयेजर’ यानांतील सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर निवडली गेली. ‘व्हॉयेजर-१’ हे यान ५ सप्टेंबरला निघाले, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. गाणे जपून ठेवणाऱ्या या मानिनीचा आवाज आज सूर्यमालेच्या पलीकडे पोचला आहे. खाँसाहेबांचा आवाज मात्र शेजारच्या खोलीतही ऐकायला मिळत नाही. कुलपाचा हिशेब मांडताना या दोन्ही रकमा मांडल्या पाहिजेत.

कंपन्यांचे पहिले कुलूप कागदाचे होते. अमेरिकेत व्हिक्टर कंपनी आपल्या तबकड्यांवर बारीक अक्षरात अटी छापी. तबकडी तुम्ही विकत घेतली असे समजू नका, तिचा फक्त वापर करण्याचा परवाना तुम्हाला मिळाला आहे, ठरल्यापेक्षा कमी भावाने ती विकू नका, असा एकंदर सूर! न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानाने या अटी झुगारून स्वस्तात तबकड्या विकल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९१७ मध्ये न्यायालयाने कंपनीचे म्हणणे फेटाळले. पूर्ण किंमत घेऊन दिलेली वस्तू ही विकलेली वस्तू, चिकटवलेल्या कागदाने ती पुन्हा कंपनीची होत नाही, असा त्याचा मथितार्थ. हा निकाल लक्षात असू द्यावा. शंभर वर्षांनी आपल्याला त्याची आठवण होणार आहे.

आपल्याकडे १९१४ चा आणि नंतर १९५७ चा कॉपीराइटचा कायदा आला, पण चावीच्या ग्रामोफोनच्या काळात श्रोत्याला त्याची झळ लागण्याचे कारण नव्हते. घरात बसून लाखेच्या तबकडीची नक्कल कोण करणार? ज्याच्याकडे फोनो असेल त्याच्या ओट्यावर आळी जमे, आणि एका तबकडीवर पन्नास माणसे नाट्यसंगीत ऐकत. विकत घेतलेले गाणे चारचौघांत वाटून ऐकायचे, ही सवय आपल्या लोकांना तेव्हापासूनची. तिला कोणी चोरी म्हटले नाही.

चित्र पालटले ते कॅसेटने. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये काढलेली ही डबी १९७० च्या दशकाच्या अखेरीस आपल्याकडे घरोघर शिरू लागली. रायगड-रत्नागिरीच्या खाडीपट्ट्यातून आखातात नोकरीला गेलेले लोक सुट्टीवर येताना टू-इन-वन घेऊन येत. रोह्याजवळ धाटावला औद्योगिक वसाहत उभी राहिली होती. अशा वसाहतींतल्या कामगाराच्या घरी दिवाळीच्या बोनसातून रेडिओपाठोपाठ टेपरेकॉर्डर आला. आणि मग तालुक्याच्या बाजारपेठेत एक नवाच धंदा उभा राहिला: कॅसेट भरून देण्याचा. कागदावर गाण्यांची यादी लिहून द्यायची, कोरी साठची किंवा नव्वदची कॅसेट द्यायची, आणि दोन दिवसांनी आपल्या आवडीची अभंग, लावणी, भावगीते अशी मिसळ घरी न्यायची. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही यात काही वावगे वाटत नसे.

त्या डबीलाही एक कुलूप होते, आणि ते फार गमतीचे होते. पाठीमागच्या कडेला दोन चिमुकल्या खाचा. त्यांवरचा प्लॅस्टिकचा तुकडा मोडला, की त्या कॅसेटवर पुन्हा मुद्रण होत नसे. कंपनीच्या कॅसेटी ते तुकडे मोडूनच येत. पण घरातल्या पोराला हे रहस्य लवकरच उमगे. खाचेवर चिकटपट्टी लावली, की कुलूप उघडले! आजोबांच्या कीर्तनाच्या कॅसेटवर नातवाने सिनेमाची गाणी भरली, म्हणून किती घरांत महाभारत झाले असेल! हे कुलूप मात्र मालकाच्या सोयीसाठी होते. लावायचे त्यानेच, काढायचे त्यानेच. म्हणून त्याच्यावर कोणी रागावले नाही.

या सुखाला दुसरी बाजूही होती, आणि ती झाकून ठेवणे बरोबर नाही. घरगुती भरणावळीच्या आडून मोठी चोरी फोफावली. हुबेहूब वेष्टणाच्या बनावट कॅसेटी रेल्वे स्थानकांबाहेर ढिगांनी विकल्या जाऊ लागल्या. सिंगापूरहून नेपाळकडे निघालेला चोरट्या कॅसेटींचा माल कलकत्त्याच्या बंदरात अडवला गेला, आणि तो तंटा १९८४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. आपल्या भूमीवरून नुसता पुढे जाणारा असला, तरी असा माल अडवता येतो, असे न्यायालयाने ठरवले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन प्रत्येक कॅसेटीवर निर्मात्याचे नाव, पत्ता आणि वर्ष छापणे बंधनकारक झाले. काही कंपन्यांनी उन्हात चमचमणारे होलोग्रामही चिकटवले. पण या चोरीचा कणा मोडला तो पोलिसांपेक्षा अधिक किमतीने. गुलशनकुमार यांच्या टी-सीरीजने आणि तिच्यामागून आलेल्या इतरांनी अस्सल कॅसेट इतकी स्वस्त केली, आणि किराण्याच्या दुकानापर्यंत अशी पोचवली, की बनावट माल घेण्यात फारसा फायदा उरला नाही. गिऱ्हाईक चोर नव्हते. त्याला परवडेल अशा भावात गाणे हवे होते.

आता सीडीकडे वळू. १ ऑक्टोबर १९८२ ला जपानात ती पहिल्यांदा विक्रीला आली. फिलिप्स आणि सोनी यांनी तिचे जे मूळ नियम ठरवले, त्यांत कुलपाला जागाच नव्हती. घरात बसून सीडीची नक्कल काढणारे यंत्र कधी येईल, हे तेव्हा कोणाच्या मनातही आले नसावे. पुढे तशी यंत्रे येऊ लागताच कंपन्यांची झोप उडाली. एका अमेरिकन कंपनीने सुचवले, की गाण्यातली ३८३८ कंपनांच्या आसपासची एक बारीक पट्टीच कापून टाकावी. ती खूण ओळखून मुद्रणयंत्र आपोआप बंद पडेल. सरकारी प्रयोगशाळेने १९८८ मध्ये तपासणी केली, तेव्हा ती कापाकापी कानाला जाणवते आणि कुलूपही सहज चुकवता येते, असे दिसून आले. चोर पकडण्यासाठी पियानोचे वरचे सूर छाटायचे, असा हा प्रकार! योजना बारगळली.

२००१ पासून मात्र नक्कलबंदीच्या तबकड्या खरोखरच बाजारात उतरल्या. इंग्लंडात नताली इम्ब्रुलियाच्या नव्या सीडीबद्दल इतक्या तक्रारी आल्या, की कंपनीला ती बदलून देण्याची व्यवस्था करावी लागली. २००२ मध्ये सेलीन डिऑनची एक तबकडी काही संगणकांत घातली, की संगणकच अडून बसे. मग कोणीतरी शोधून काढले, की तबकडीच्या कडेवरचा कुलपाचा भाग साध्या जाड शाईच्या पेनाने काळा केला, की ती निमूटपणे वाजू लागते. लक्षावधी रुपयांचे कुलूप आणि वाण्याच्या दुकानातले पेन! फिलिप्सने तर साफ सांगितले, की असल्या तबकड्यांवर सीडीचे अधिकृत चिन्ह लावू नका; कारण त्या मुळी सीडीच नव्हेत. २००३ मध्ये फ्रान्समध्ये नांतेरच्या न्यायालयाने, मोटारीतल्या यंत्रावर न वाजणाऱ्या तबकडीबद्दल ग्राहकसंस्थेच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी प्रिन्स्टनच्या एका विद्यार्थ्याने दाखवून दिले, की एका नव्या कुलपासाठी फक्त ‘शिफ्ट’ ही कळ दाबून धरली की पुरे. कुलूप बनवणाऱ्या कंपनीने आधी दाव्याची धमकी दिली, आणि जगभर हसे झाल्यावर ती मागे घेतली.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखीच दिसते. चोराचे काहीच अडले नाही. त्याने एकदा कुलूप फोडले, की त्याच्या हजारो नकला खुल्याच. अडला तो दुकानात जाऊन पूर्ण पैसे मोजणारा. त्याची तबकडी त्याच्या मोटारीत वाजेना, संगणकात वाजेना, आणि शेजारी फुकट उतरवून घेतलेले तेच गाणे निर्वेध चालू!

याचा कळस झाला २००५ मध्ये. त्या वर्षी आपले लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होते. आपल्या घरांत पणत्या लागत होत्या, त्याच्या आदल्या दिवशी अमेरिकेत मार्क रुसिनोविच या संगणकतज्ज्ञाने एक शोध जाहीर केला. सोनी बीएमजी कंपनीची विकत घेतलेली सीडी त्याने संगणकात घातली होती. त्या सीडीने गाण्याबरोबर एक आज्ञावली चोरपावलांनी संगणकात उतरवली होती, आणि ती स्वतःला मालकापासून लपवून बसली होती. ‘$’ चिन्हाने सुरू होणाऱ्या एका विशिष्ट खुणेचे नाव दिले, की कोणतीही फाइल दिसेनाशी व्हायची. घरात पाहुणा म्हणून आला, आणि माळ्यावर भुयार खणून बसला, अशातली गत. थोड्याच दिवसांत त्या भुयारात खरे चोर, म्हणजे संगणकाचे विषाणू, लपू लागले. बावन्न संगीतसंचांवर हे कुलूप होते आणि अशा वीस लाखांहून अधिक तबकड्या विकल्या गेल्या होत्या.

लोक खवळले ते यामुळे. गाण्याची नक्कल करता येत नाही, हे एक वेळ त्यांनी सोसले असते. पण आपल्याच घरात आपल्याला न विचारता कोणी शिरावे, हे कसे सोसावे? टेक्सास राज्याने दावा लावला, ग्राहकांचे दावे उभे राहिले, कंपनीला तबकड्या परत बोलावाव्या लागल्या, नुकसानभरपाई द्यावी लागली. दुसऱ्याची नक्कल रोखणाऱ्या त्या कुलपातच इतरांनी लिहिलेल्या मुक्त आज्ञावलीचे तुकडे अटी न पाळता वापरलेले आहेत, असेही अभ्यासकांनी दाखवून दिले. २००७ उजाडेपर्यंत ईएमआयनेही तबकड्यांवरील नक्कलबंदी सोडून दिली होती. पाच-सहा वर्षांत हा खेळ आटोपला.

आपल्या मराठी घरांत या वादळाचा वारा फारसा शिरला नाही. कारण साधे होते: महागडी परदेशी सीडी घेणारे थोडे, आणि बाकीच्यांच्या हाती एमपीथ्रीची तबकडी. शंभर-दीडशे गाणी एका तबकडीत, फुटपाथवर मिळणारी. दिवा-रोहा गाडीने येणाऱ्या माणसाला ती रस्त्यात सहज मिळे. महाराष्ट्र सरकारने २००९ मध्ये झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले यांच्या पंक्तीत व्हिडिओ चोरांनाही बसवून, त्यांना स्थानबद्ध करण्याची तरतूद केली. पण एवढ्या धाकानेही जे साधले नाही, ते मोबाइल फोनने साधले. तबकडीच नाहीशी झाली! मुंबईच्या काळा घोडा भागातले रिदम हाउस हे रसिकांचे दुकान २०१६ मध्ये बंद झाले.

मग या सगळ्यात गाणाऱ्याचे, लिहिणाऱ्याचे, चाल बांधणाऱ्याचे काय? खरा प्रश्न हा आहे. आणि गंमत अशी, की एकाही कुलपाने तो सोडवला नाही. १९६० च्या दशकाच्या आरंभी लताबाईंनी पार्श्वगायकांसाठी रॉयल्टी मागितली, तेव्हा त्यांना चित्रसृष्टीतल्या भल्याभल्यांशी वैर पत्करावे लागले. महंमद रफींबरोबरचे गाणेही काही वर्षे बंद पडले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटसंगीताचे हक्क निर्मात्याच्या पदरात टाकले. मात्र न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याच निकालाला पुस्ती जोडून, गाणाऱ्याच्या वाट्याला काहीच येत नाही याकडे कायदा करणाऱ्यांचे लक्ष वेधले. तबकडी चोरून विकली तर नुकसान कंपनीचे. आणि रीतसर विकली तरी कवीला आणि संगीतकाराला बहुधा एकरकमी मानधनावर समाधान मानावे लागे. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत लावून धरलेली दुरुस्ती २०१२ मध्ये झाली, तेव्हा कोठे गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला समान वाटा कायद्याने पक्का झाला.

त्याच दुरुस्तीत नक्कलबंदीविषयीही एक कलम आले, आणि ते आपल्या कायदेमंडळाला शोभेसे आहे. हक्क बुडवण्याच्या हेतूने कुलूप फोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. पण कायद्याने ज्या कामाला स्पष्ट मनाई केलेली नाही, अशा कामासाठी कुलूप काढले तर तो गुन्हा नव्हे, असेही म्हटले आहे. अनेक देशांच्या कायद्यांत कुलूप फोडणे हाच गुन्हा. आपल्या कायद्याने आधी हेतू विचारला.

आणि हेतू विचारण्याला मोल आहे. १९९० मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था सुरू झाली. डॉ. सुरेश चांदवणकरांसारख्या संग्राहकांनी जुन्या बाजारातून, अडगळीतून तबकड्या शोधल्या, ऐकल्या, त्यांची सूची केली, त्यांच्या नकला काढून जपल्या. लाखेची तबकडी पडली की फुटते, आणि जुने साचे काही जन्मभर टिकत नाहीत. पन्नास-शंभर वर्षांपूर्वीचे कितीतरी संगीत आज ऐकू येते, ते ऐकणाऱ्यांनी ते सांभाळले आणि पुढे दिले म्हणून. ध्वनिमुद्रणावरचा हक्क आपल्या कायद्याने प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो; तोवर ती तबकडी कोणीतरी जिवंत ठेवलेली असली पाहिजे ना?

आज गाणे दरमहा वर्गणी भरून फोनवर ऐकायचे दिवस आहेत. सोय मोठी आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण वर्गणी थांबली, की गाणी गेली. कंपनीने एखादे गाणे काढून टाकले, तर ते शोधायला घरात काही नाही. तुम्ही विकत घेतले असे समजू नका, फक्त वापरण्याचा परवाना तुम्हाला दिला आहे, हे व्हिक्टर कंपनीचे बोल न्यायालयाने १९१७ मध्ये फेटाळले होते. तेच आता आपण न वाचता, अंगठ्याच्या एका दाबाने कबूल करतो.

म्हणून वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून कॅसेटींचा डबा निघाला, आजोबांच्या हस्ताक्षरातली यादी असलेली एखादी भरलेली नव्वद निघाली, तर ती भंगारात देऊ नका. चालणारे यंत्र कोणाकडे असेल, तर तिची नक्कल काढून घ्या. कदाचित तिच्यावर एखाद्या कीर्तनकाराचा असा आवाज असेल, जो दुसरीकडे कुठेच उरलेला नाही. आणि या दिवाळीत एखाद्या नव्या गायकाची मैफल गावात झाली, तर तिकीट काढून जा. पडद्याआड बसण्याची आता गरज नाही; खाँसाहेबांचा राग मात्र रास्त होता, तो त्यांना न विचारता त्यांचे घेतले याचा. कलावंताचे त्याला द्यावे, आणि विकत घेतलेले गाणे आपल्या घरात निर्धास्त वाजवावे, इतका सरळ हा व्यवहार आहे. त्याला कुलूप लावून आजवर कोणाचे भले झालेले दिसत नाही.